विश्लेषण : रेल्वे बीडला पोहोचली, पण बीडमध्ये पाहायचे काय?

दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण यांसाठीच चर्चेत असणाऱ्या बीड जिल्ह्यात ज्योतिर्लिंग, तळ्यातले मंदिर, चारशेहून अधिक वर्षांची भुयारी पाणीयोजना, भुईकोट किल्ला, धबधबे आणि मोरांचे अभयारण्यही आहे. यातील बहुतेक ठिकाणांना जोडणारा धागा पाण्याचा आहे. रेल्वेमुळे येथे पर्यटक वाढतील का, आणि वाढले तर जिल्ह्याला त्याचा काय उपयोग?

बीड पर्यटनाच्या नकाशावर मागे का राहिले?

मराठवाड्यात फिरायला निघालेला माणूस छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठ्यासाठी जातो, तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जातो, नांदेडला गुरुद्वारा पाहतो. बीडच्या वाट्याला येतो तो परळीचा वैजनाथ, आणि तिथेही बहुतेक भाविक दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात. परळी निजामाच्या काळापासून रेल्वेने जोडलेली असली, तरी जिल्ह्याचे मुख्यालय असलेले बीड शहर मात्र अनेक दशके रेल्वेविना राहिले. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली. अहिल्यानगर ते आष्टी हा पहिला टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे सुटली.

दुसरे कारण प्रतिमेचे. बीडची बातमी आली की ती टँकरची, ऊसतोड मजुरांची, राजकीय संघर्षाची किंवा गुन्हेगारीची असते. या प्रश्नांचे गांभीर्य कमी नाही. पण १०,६९३ चौरस किलोमीटर क्षेत्र, ११ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या जिल्ह्याची तेवढीच ओळख उरावी, हे तिथल्या वारशावर अन्याय करणारे आहे.

दुष्काळी जिल्ह्याचा वारसा पाण्याशी कसा जोडला गेला?

बीड जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेला गोदावरीच्या काठची सखल, काळ्या मातीची जमीन आहे. गेवराई, माजलगावच्या या पट्ट्याला गंगथडी म्हणतात, कारण येथे गोदावरीला गंगाच म्हटले जाते. मध्यातून आणि दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा व पठार आहे. पाटोदा, आष्टी, केज, धारूर, अंबाजोगाई हे तालुके कमी-अधिक प्रमाणात याच उंचवट्यावर आहेत.

बालाघाट हा जिल्ह्याचा पाणलोट आहे. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि सुमारे सव्वासातशे किलोमीटर वाहत गोदावरीला मिळते. बिंदुसरा बीड शहरातून जाऊन सिंदफणेला मिळते, तर विंचरणा दक्षिणेकडे उतरते. म्हणजे नद्या येथे जन्मतात, पण त्यांचे पाणी पुढे जाते. केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणावर शेजारचे लातूर शहर अवलंबून आहे. ते धरण आटल्यामुळेच २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

पर्जन्यछायेचा प्रदेश, लहरी पाऊस आणि खडकाळ पठार अशा ठिकाणी पाणी अडवणे, साठवणे आणि नेमके हव्या त्या जागी पोहोचवणे ही प्रत्येक राजवटीची गरज होती. त्यामुळे येथे देवळाबरोबर कुंड आले, किल्ल्याबरोबर हौद आले आणि शहराबरोबर भुयारी कालवा आला. बीडची पाहण्याजोगी ठिकाणे समजून घ्यायची असतील तर प्रत्येक ठिकाणी ‘येथे पाणी कुठून येत होते?’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की त्या जागेचा अर्थही लागतो.

बीड शहरात काय पाहावे?

शहराच्या पूर्व भागातील कंकालेश्वर हे पहिले ठिकाण. चौकोनी दगडी तळ्याच्या मध्यभागी हे मंदिर उभे आहे. चालुक्य-यादव काळातील या मंदिराला तीन गर्भगृहे असून बाहेरच्या भिंती तारकेसारख्या कोनांमध्ये दुमडत जातात. त्यामुळे दिवसभर उन्हाची तिरीप बदलते तशी भिंतीवरील शिल्पांची उठावदार बाजूही बदलते. या शिल्पांत शस्त्रधारी स्त्रियांच्या मूर्ती आहेत, त्या शोधून पाहाव्यात. तळ्यात पाणी भरलेले असताना मंदिर पाण्यावर ठेवल्यासारखे दिसते, म्हणून पावसाळ्याचा शेवट ही येथे येण्याची उत्तम वेळ. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते.

शहराजवळच्या टेकडीवर खंडोबाचे मंदिर आहे. त्याच्यासमोरच्या सुमारे ७० फूट उंचीच्या दोन दीपमाळा दुरूनही नजरेत भरतात. मंदिर कोणी बांधले याबाबत सुलतानजी निंबाळकर आणि महादजी शिंदे अशी दोन नावे सांगितली जातात.

महादजींचा बीडशी संबंध मात्र आणखी एका जागेमुळे पक्का आहे. सूफी संत मन्सूर शहा यांना महादजी गुरुस्थानी मानत, आणि त्यांचा दर्गा बीडमध्ये आहे. शिंदे घराण्याने ही श्रद्धा ग्वाल्हेरपर्यंत नेली. शहरातील शहेनशाह वली यांचा दर्गा त्याहून जुना आहे. त्यांच्या उरुसाला वेगवेगळ्या धर्मांचे लोक येतात. जुन्या शहराच्या वेशी, सतराव्या शतकातील जामा मशीद आणि दर्गे पायी फिरून एका सकाळीत पाहता येतात.

इतिहासातील एका विक्षिप्त घटनेची खूणही बीडच्या आसपास आहे. दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक दख्खनच्या मोहिमेवरून परतताना येथे त्याचा एक दात काढावा लागला. तो दात त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर कबर बांधली, असे इतिहासकार फरिश्ता याने नोंदवले आहे. बीडच्या दक्षिणेला करजणी परिसरातील टेकडीवरची वास्तू हीच ती दाताची कबर मानली जाते.

खजाना विहीर नेमकी कशी काम करते?

बीडपासून सुमारे सहा किलोमीटरवर सोलापूरच्या दिशेने खजाना बावडी किंवा खजाना विहीर आहे. पहिल्या नजरेत ती एक गोल, पायऱ्यांची, फार खोल नसलेली विहीर वाटते. तिचे वैशिष्ट्य जमिनीखाली आहे. विहिरीला तीन भुयारी मार्ग जोडलेले आहेत. दोन मार्गांनी आसपासच्या उंच भागातले झिरपलेले पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या मार्गाने ते खाली बीडकडच्या शेतजमिनीकडे जाते.

यात ना मोट लागते, ना पंप. भुयाराला दिलेला अगदी हलका उतार पाणी वाहून नेतो. पाणी उघड्यावर नसल्यामुळे उन्हाळ्यात त्याची वाफ होऊन फारशी नासाडी होत नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारे उच्छ्वास ठेवले की भुयारात हवा खेळती राहते आणि गाळ काढायला माणसाला उतरता येते. इराणमध्ये हे तंत्र फार प्राचीन काळापासून वापरले जात होते. दख्खनमध्ये बिदर, बुऱ्हाणपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील नहरींत त्याचीच रूपे दिसतात. खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधून घेतली आणि राजा भास्कर या स्थापत्यकाराने ती उभारली, असे सांगितले जाते.

ही विहीर दुष्काळातही आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. पण तिचे पाणी विहिरीत तयार होत नाही. ते भोवतालच्या जमिनीत मुरलेल्या पावसाचे असते. वरच्या भागात बोअरवेलची संख्या आणि खोली वाढत गेली, मुरण्याच्या जागांवर बांधकामे झाली, तर भुयारात येणारे पाणी घटणार हे उघड आहे. म्हणून या वारशाचे जतन करायचे तर विहिरीभोवती कुंपण घालून भागणार नाही. तिचे पाणलोट क्षेत्र राखावे लागेल.

अंबाजोगाईला मराठीच्या इतिहासात इतके महत्त्व का?

जिल्ह्यात एकाच गावासाठी पूर्ण दिवस द्यायचा असेल तर तो अंबाजोगाईला द्यावा. जयंती नदीच्या काठचे हे गाव निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे लष्करी छावणी होती. त्याची जुनी ओळख ‘जोगाईचे आंबे’ अशी.

योगेश्वरी ही येथील ग्रामदैवत, आणि कोकणातील असंख्य चित्पावन कुटुंबांची कुलदेवता. शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रकाठच्या घरांची कुलदेवता बालाघाटावर कशी, याचे कुतूहल अनेकांना येथे घेऊन येते. लोककथेनुसार योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, पण मुहूर्त टळला. देवी अंबाजोगाईतच कुमारिका राहिली आणि वऱ्हाड दगडाचे झाले. गावालगतच्या कातळात कोरलेल्या शिवलेण्यांतील दगडी हत्तींकडे बोट दाखवून हेच ते वऱ्हाड, असे आजही सांगितले जाते. या जागेला म्हणूनच हत्तीखाना म्हणतात. शारदीय नवरात्राबरोबर मार्गशीर्षातील नवरात्रही येथे मोठ्या प्रमाणावर होते.

मराठीचा आद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ असा धरला जातो. मुकुंदराजांचे ठिकाण विदर्भातील आंभोरा होते, असेही एक मत आहे आणि तो वाद अभ्यासकांत आजही आहे. समाधीची दरी पावसाळ्यात इतकी हिरवी होते की अभ्यास नसलेल्यांनीही ती पाहावी.

दुसरे मोठे नाव दासोपंतांचे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ‘गीतार्णव’ त्यांनी रचला. पण सामान्य पाहुण्याला थक्क करते ती त्यांची पासोडी. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा विषय ओव्या आणि आकृत्यांसह लिहून काढला. सोळाव्या-सतराव्या शतकातील मराठी अक्षर कापडावर इतक्या विस्ताराने टिकून राहिल्याचे उदाहरण विरळाच.

यादवकाळाच्या खुणाही येथे आहेत. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचा या गावाशी निकटचा संबंध होता. त्याचा मुलगा राम गुजरातवरील स्वारीत लढताना मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिने देऊळ बांधले, अशी नोंद इसवी सन १२४० च्या शिलालेखात आहे. सकलेश्वराचे बाराखांबी मंदिर आणि खोलेश्वर मंदिर पाहताना ही भावा-बहिणीची हकिगत लक्षात असली, तर दगड अधिक बोलके होतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथेच शिक्षक म्हणून काम केले होते, हा या गावाचा अलीकडचा वारसा.

परळीला दर्शनापलीकडे काय आहे?

परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. झारखंडमधील देवघरही वैद्यनाथाचा तोच मान सांगते. ज्योतिर्लिंगांची नावे सांगणाऱ्या स्तोत्राच्या पाठांतील फरकामुळे हा वाद अनेक पिढ्या चालत आला आहे. महाराष्ट्रातील भाविकांपुरता तो कधीच निकाली निघालेला आहे.

मंदिर उंचवट्यावर आहे आणि रुंद दगडी पायऱ्या चढून वर जावे लागते. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना देवांनी या लिंगात लपवले, म्हणून हा वैद्यांचा नाथ, अशी येथील कथा आहे. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार सोडून आल्यास मंदिर व हरिहर तीर्थाचा परिसर शांतपणे पाहता येतो. संत नामदेवांचे समकालीन मानले जाणारे जगमित्र नागा हेही परळीचेच.

परळीची दुसरी ओळख औष्णिक वीज केंद्राची. वीज केंद्राला कोळसा लागतो तितकेच पाणीही लागते. २०१५ मध्ये पाण्याअभावी येथील वीजनिर्मिती बंद ठेवावी लागली होती. पायऱ्यांवर उभे राहून एकीकडे तीर्थकुंड आणि दुसरीकडे पाण्याविना थांबू शकणारे वीज केंद्र आठवले, की जिल्ह्याचा मुख्य प्रश्न समोर येतो.

धारूरचा किल्ला वेगळा कशामुळे?

बालाघाटाच्या कडेवर, घाटाच्या तोंडाशी धारूर वसले आहे. खालच्या गंगथडीतून वर पठारावर येणारी वाट येथून जाते. ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती या भागाची नाडी. म्हणून विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने १५६७ मध्ये येथे किल्ला उभारला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ च्या सुरुवातीला मुघल सरदार आझमखानाने तो जिंकला. मुघल काळात त्याला फतेहाबाद असे नाव मिळाले.

किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दरी आहे. फक्त गावाकडची बाजू सपाट. त्या बाजूला रुंद खंदक खोदून आणि दुहेरी तटबंदी उभारून बांधणाऱ्यांनी निसर्गाची उणीव भरून काढली. जमिनीवरून सहज चालत जाता येते, पण कडेला पोहोचताच डोंगरी किल्ल्यासारखी दरी दिसते, हे धारूरचे वैशिष्ट्य. आतील हौद आणि पाणी साठवण्याच्या जागा पाहिल्यावर वेढ्याच्या काळात दारूगोळ्याइतकेच पाण्याला महत्त्व होते हे कळते. चढाई नसल्यामुळे लहान मुले आणि ज्येष्ठांसह जाण्यास हा किल्ला सोयीचा आहे. मात्र तटावर आणि बुरुजांच्या कडेला जपून चालावे.

गोदावरीकाठी कोणती ठिकाणे आहेत?

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन शनिमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. शनिअमावास्येला येथे गोदास्नानासाठी गर्दी लोटते. पण इतिहासाच्या वाचकांना हे नाव १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे ठाऊक असते. पानिपतच्या पराभवाला अवघी अडीच वर्षे झाली होती. निजामाने पुणे लुटले होते. त्याच्या फौजेचा काही भाग गोदावरी ओलांडून गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे होता. मध्ये भरलेली नदी होती. तरुण माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या सैन्याने त्याला येथेच गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या काठावरून निजामाला त्याच्या मदतीला येता आले नाही. मराठ्यांना पुन्हा उभारी देणाऱ्या या विजयात श्रावणातल्या गोदावरीचाही वाटा होता.

जवळच पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ आहे. गोदावरीच्या पात्रातले हे स्थान पूर आला की पाण्याखाली जाते, त्यामुळे भेटीपूर्वी नदीची स्थिती विचारून घ्यावी.

माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी दर तीन वर्षांनी एकदा जागी होते. अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तम मास, आणि पुरुषोत्तमाच्या नावाने ओळखले जाणारे देऊळ विरळच. त्यामुळे धोंड्याच्या महिन्यात, जावयांचे लाड चालू असताना, येथे महिनाभर यात्रा भरते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. मंदिराच्या बांधकामातील विटा पाण्यावर तरंगतात म्हणून त्यांची ख्याती आहे. तेलंगणातील जागतिक वारसा ठरलेल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशाच हलक्या विटा वापरल्या आहेत. रामचंद्र यादवाचा शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट याच गावात सापडला. देवगिरीच्या यादवांच्या अखेरच्या वर्षांचा तो महत्त्वाचा पुरावा आहे.

पावसाळ्यात कुठे जावे?

पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी पठार सोडून खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. बीड-जामखेड रस्त्यावरचे हे ठिकाण अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत असल्यामुळे पुणे, अहिल्यानगरकडील पर्यटकही येथे येतात. पुढे जामखेड तालुक्यात १७९५ च्या लढाईसाठी प्रसिद्ध असलेले खर्डा आणि तेथील भुईकोट किल्ला आहे, तो याच फेरीत जोडता येतो. सौताड्याचा धबधबा पूर्णपणे पावसावर अवलंबून असतो. पाऊस नसेल तर कडा कोरडा, जोराचा असेल तर दगड निसरडे. छायाचित्रासाठी कड्याच्या टोकाला जाणे टाळावे.

बीडजवळ मांजरसुंबा परिसरातील कपिलधार हे वीरशैव लिंगायत समाजाचे मोठे श्रद्धास्थान. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे संत मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे आणि शेजारीच डोंगरावरून पाण्याची धार पडते. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक आणि तेलंगणातून दिंड्या येतात.

पाटोदा तालुक्यातच नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला १९९४ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. बालाघाटाच्या कोरड्या, झुडपी जंगलात मोर पाहायचे तर पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आधी जावे. पहिल्या पावसानंतर मोरांचा विणीचा काळ असतो. त्या वेळी आवाज आणि गर्दी टाळणे हीच खरी मदत. याच भागात चिंचोलीचा गहिनीनाथगड आणि आष्टी तालुक्यातील मच्छिंद्रनाथांचे मायंबा ही नाथपंथाची ठाणी आहेत. शैव, वैष्णव, नाथ, महानुभाव, लिंगायत आणि सूफी असे सहा प्रवाह एका जिल्ह्यात नांदतात, ही बीडची सांस्कृतिक श्रीमंती.

भेटीचे नियोजन कसे करावे?

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत योग्य. तळी, कुंडे भरलेली असतात, डोंगर हिरवा असतो आणि याच दिवसांत बालाघाटावरची सीताफळे बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एप्रिल-मे शक्यतो टाळावा.

तीन दिवस असतील तर पहिला दिवस बीड शहर, खजाना विहीर आणि कपिलधार यांना द्यावा. दुसऱ्या दिवशी धारूर पाहून अंबाजोगाईला मुक्काम करावा आणि तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईचा उरलेला भाग व परळी करावी. या दोन गावांत सुमारे २५ किलोमीटरचेच अंतर आहे. चौथा दिवस मिळाल्यास आवडीनुसार गोदाकाठ किंवा सौताडा-नायगाव निवडावे. छत्रपती संभाजीनगर-सोलापूर महामार्ग बीडमधून जातो. परतीचा प्रवास परळीहून रेल्वेने करता येतो. तालुक्याच्या गावांपर्यंत एसटी आहे, पण सौताडा, नायगाव, राक्षसभुवनसारख्या ठिकाणी स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन सोयीचे ठरते.

पर्यटनातून जिल्ह्याला खरेच काही मिळेल?

राज्यातील ऊसतोड मजुरांमध्ये बीडचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हटले जाते. हत्याराचे नाव माणसांना लागावे, यातच या कामाचे स्वरूप कळते. उन्हाळ्याच्या तोंडावर ही कुटुंबे परततात. मधल्या काळात बालाघाटावरच्या अनेक गावांत म्हातारी माणसे आणि मुलेच उरतात.

पर्यटन हे स्थलांतर थांबवेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. धबधबे पाहायला येणारा माणूस एका हंगामाची उचल फेडू शकत नाही. पण काही कुटुंबांना तरी गावात राहण्याचे कारण मिळू शकते. बचत गटांनी चालवलेली भाकरी-पिठल्याची खानावळ, सीताफळाचा गर आणि रबडीची विक्री, मुक्कामाच्या दोन-चार खोल्या, शिलालेख व पासोडी समजावून सांगू शकणारे स्थानिक तरुण, यांना लागणारे भांडवल मोठे नाही. लागतात त्या साध्या गोष्टी : दिशादर्शक फलक, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वास्तूची चार ओळींची खरी माहिती आणि रेल्वेच्या वेळेशी जुळणारी एसटी.

आणखी एक काम जिल्ह्याच्या गरजेचेही आहे. गेल्या काही वर्षांत राज्यभर स्वयंसेवकांनी गाळाने भरलेल्या बारवा मोकळ्या करून महाशिवरात्रीला तेथे दिवे लावण्यास सुरुवात केली आहे. जुनी कुंडे, बारवा आणि भुयारी मार्ग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सिमेंट व रंगाचा मारा न करता दुरुस्त केले, तर गाळ काढण्यापासून दगड बसवण्यापर्यंत हाताला काम मिळते, पाणी मुरते आणि पाहुण्याला पाहण्यासारखी जागा उभी राहते. कंकालेश्वराचे तळे भरलेले आणि खजाना विहीर वाहती राहिली, तर पर्यटकही येतील. ती कोरडी पडली, तर रेल्वे कितीही वेळेवर आली तरी दाखवायला फारसे उरणार नाही.